पाण्यातल्या झाडांचं टॉनिक

झाड कधी खोटं बोलत नाही. त्याला अन्न कमी पडलं, उजेड कमी पडला, पाणी मानवलं नाही, तर ते पानांतून सरळ सांगतं. मनात एक आणि पानात एक, असं त्याच्याकडे नसतं.

हे मी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत किती दिवाणखान्यांत उभं राहून सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. ऐकणारे गंभीर व्हायचे. एका गृहस्थांनी तर डोळे मिटून मान हलवली होती. मात्र झाड आपल्याला नेमकं काय सांगतंय, हे मला कळल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि अंगठा शिल्लक राहील. पान पिवळं पडलं म्हणजे लोह कमी. किंवा नत्र कमी. किंवा मॅग्नेशियम. किंवा पानाचं वय झालं. झाड खोटं बोलत नाही हे खरंच, पण चार वेगवेगळ्या तक्रारी ते एकाच वाक्यात सांगतं, आणि कुठली खरी ते विचारायला गेलं तर गप्प बसतं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले. 'कारखाना' हा आमचे मालक नाडकर्णी यांचा शब्द. पत्र्याचं छप्पर, प्लॅस्टिकची पिंपं, एक वजनकाटा आणि एक पंखा, जो फक्त नाडकर्णींच्या खुर्चीकडे वारा द्यायचा. द्राक्षं आणि चिकूच्या बागांना लागणारी जस्त, मँगेनीज, बोरॉन वगैरेंची मिश्रणं आम्ही करायचो. टीव्ही रंगीत झाला त्याच सुमाराला उपनगरांतल्या दिवाणखान्यांमध्ये शोकेसच्या शेजारी काचेच्या माशांच्या टाक्या आल्या. काही हौशी लोक त्यात प्लॅस्टिकच्या वेलींऐवजी खरी झाडं लावू लागले. नाडकर्णींना ही बातमी एका लग्नाच्या पंगतीत कळली.

"अगं, एका बागेला जेवढं टॉनिक लागतं ना, तेवढ्यात सगळ्या अंधेरीच्या टाक्या होतील," ते म्हणाले. "बाटली लहान, नाव मोठं. कर तयार."

"साहेब, मी कधी मासासुद्धा पाळलेला नाही."

"मासे कोण पाळतंय? झाडं पाळायची आहेत."

"पाण्याखालचं झाडही नाही पाळलं."

"मग पाळ ना. आणि पत्रकावर सुरुवातीला काहीतरी भारदस्त लिही."

म्हणून ते 'झाड कधी खोटं बोलत नाही' मी लिहिलं. तेव्हा पाण्याखालच्या एकाही झाडाशी माझं बोलणं झालेलं नव्हतं.

धंदा थोडक्यात असा. मुंबईच्या नळाला येतं ते तलावात साठलेलं पावसाचं पाणी. पिण्याला उत्तम, पण खनिजांच्या बाबतीत गरीब. टाकीतले मासे जे टाकतात त्यातून झाडांना थोडंफार खायला मिळतं, तरी पालाश म्हणजे पोटॅश, मॅग्नेशियम, लोह हे वरून द्यावं लागतं. यात लोह सगळ्यांत लहरी. लोहाचा साधा क्षार पाण्यात टाकला तर त्याचा गंज होऊन तळाशी बसतो आणि झाड उपाशी राहतं. म्हणून लोहाला दुसऱ्या एका रसायनाच्या तावडीत द्यायचं. खेकडा नांगीत धरतो तसं ते लोहाला धरून ठेवतं आणि झाडापर्यंत पोचवतं. दुसरी अडचण स्फुरदाची, म्हणजे फॉस्फेटची. लोह आणि फॉस्फेट एका बाटलीत ठेवले की काही दिवसांत एकमेकांना मिठी मारून तळाशी जाऊन बसतात. म्हणून बाटल्या दोन. एक नंबरमध्ये लोह आणि बाकीची मंडळी, दोन नंबरमध्ये फॉस्फेट आणि पालाश. गाडीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात मी हे सगळं विरघळवायचे, गाळायचे, आणि बाटल्या पिशवीत घालून गिऱ्हाइकांच्या घरी जायचे. 'दोन नंबर' म्हटलं की शेठ लोक हसायचे. पहिल्या वर्षी मीही हसायचे.

आमच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक होता अंधेरीचाच एक फिल्म स्टुडिओ. खलनायकाच्या अड्ड्याचा सेट लागला होता आणि त्यात भिंतीएवढी टाकी होती. तिथले प्रॉडक्शनवाले डिसोझा मला म्हणाले, "मॅडम, झाड एकदम झकास दिसलं पाहिजे. पण डेंजर."

"डेंजर म्हणजे कसं?"

"व्हिलनची टाकी आहे ना मॅडम. हीरोइनच्या घरातल्यासारखी नको."

खलनायकाच्या झाडाला कुठलं खत घालतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी नेहमीचंच घातलं. सेटवरचे दिवे इतके प्रखर की टाकीचं पाणी कोमट झालं आणि दोन-तीन दिवसांत काचा, दगड, पानं, सगळ्यांवर शेवाळाचे हिरवेकाळे केस उगवले. माशांना पोहताना भांग पाडावा लागत होता. वाट लागली, आता पैसे तर सोडाच, कंपनीचं नावही जाणार, असं म्हणत मी तिथे गेले, तर डिसोझा दारातच भेटले.

"काय टाकलंत मॅडम? डायरेक्टर एकदम खूश! आणखी दोन बाटल्या पाठवा ना."

मी दोन बाटल्या पाठवल्या. काय टाकलं होतं, ते मलाही कळलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी आठवण घाटकोपरच्या करंदीकर काकूंची. त्यांच्या टाकीतली झाडं आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत उजवी होती. 'रिबीन' नावाचं एक लांब पात्याचं झाड असतं, ते त्यांच्याकडे पाण्याच्या वर येऊन आडवं पसरलेलं. मी नव्या बाटल्या द्यायला गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर एकच बाटली दिसली.

"काकू, दोन नंबर कुठे आहे?"

"ह्यातच आहे की."

"ह्यात म्हणजे?"

"अगं, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या झाल्या होत्या. दोन अर्ध्या बाटल्या फळीवर कशाला अडवून ठेवायच्या? एकीत ओतल्या. दुसरी धुऊन त्यात खोबरेल काढलंय. बाटली चांगली आहे हो तुमची, गळत नाही."

मी बाटली उजेडात धरली. तळाशी चहाच्या चोथ्यासारखा जाड गाळ.

"काकू, हे असं एकत्र नाही करायचं. बघा, सगळं खाली बसलंय."

"मग हलवून घालते ना मी. औषध हलवूनच घ्यायचं असतं. तुमच्या बाटलीवर लिहिलेलं नव्हतं, तरी हलवते."

मी टाकीकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. पुन्हा टाकीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी नाडकर्णींना घेऊन गेले. ते बराच वेळ त्या रिबिनीसमोर उभे राहिले, काकूंचं पन्हं प्याले, आणि जिना उतरताना हळूच म्हणाले, "काकूंना काही सांगू नकोस."

"मग आपण दोन बाटल्या कशासाठी विकतो?"

"ते शास्त्र आहे," नाडकर्णी म्हणाले आणि रिक्षाला हात केला.

हे दोन प्रसंग मी एवढ्याचसाठी सांगितले, की मुलुंडच्या इस्पितळात गेले तेव्हा माझ्या ज्ञानाची अवस्था काय होती, ते वाचकांच्या ध्यानात यावं.

मुलुंडचं ते इस्पितळ धर्मादाय होतं. त्याला नवी शाखा जोडली होती आणि तिच्या प्रतीक्षागृहात सहा फुटी टाकी बसवली होती. एका देणगीदारांनी ती वडिलांच्या स्मरणार्थ दिली होती. स्मरणाची संगमरवरी पाटी एवढी मोठी होती की टाकीची डावीकडची काच तिने बरीचशी झाकली, म्हणून मला सगळी झाडं उजव्या अंगाला लावावी लागली. विश्वस्तांचे अध्यक्ष प्रधानसाहेब उंच, गोरे आणि नेहमी भाषणाच्या मध्यावर असल्यासारखे. पावसाळ्यात, श्रावणात, एका मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं होतं.

"रुग्णाने आत पाऊल टाकताक्षणी त्याला सृष्टीचं दर्शन घडलं पाहिजे," प्रधान मला म्हणाले. टाकीला ते टाकी म्हणत नसत.

त्यांच्या मागे फडकं घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, सृष्टीचं पाणी कितीदा बदलायचं?"

या परबबाई. मालवणकडच्या, चाळिशीच्या, ठेंगण्या. इस्पितळात साफसफाई करायच्या. नवरा गिरणीत होता, म्हणजे गिरणी होती आणि नवराही होता, पण दोघांची गाठ पडणं बंद झालं होतं. घर परबबाईंच्या पगारावर चालायचं. टाकीची जबाबदारी त्यांच्याकडे देताना प्रधानांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्घाटनाला सृष्टी व्यवस्थित दिसली, तर परबबाईंना कायम करण्याचं बघू."

ते गेल्यावर परबबाई टाकीच्या कठड्यावर फडकं मारत माझ्याशी बोलल्या. कैक वर्षं त्या टेंपररी होत्या. मधूनमधून चार दिवस घरी बसवायचे आणि परत नव्याने घ्यायचे, म्हणजे नोकरी सलग व्हायला नको.

"कायम झालं की काय होतं ठाऊक आहे काय बाई? रजा मिळते. गणपतीला गावी जाता येतं. आता गेले तर परत येईपर्यंत माझ्या जागेवर दुसरी उभी. टेंपररीची जागा म्हणजे बसमधली सीट, उठलात की गेली."

"किती वर्षांत गेला नाहीत?"

"मुलगी लहान होती, आता तिचं लगीन झालं. माझे दीर गणपती आणतात, मी हय बसून आरती म्हणतंय. पण तुमचं हे झाड जगतलां ना? तेवढा माका सांगा."

जगेल, मी म्हणाले. छाती ठोकून म्हणाले नाही, पण म्हणाले.

मे महिन्यात झाडं खरंच जगली. तलवारीच्या पात्यासारखी पानं असलेलं एक झाड होतं, त्याने तर दर आठवड्याला नवं पान काढलं. पाऊस लागला आणि सगळं थांबलं. जुनी पानं काळपट पडली, नवी आली ती नखाएवढी. मासे मजेत. पाणी काचेसारखं नितळ. फक्त झाडं, रुसलेल्या पाहुण्यासारखी, मेली नाहीत आणि वाढलीही नाहीत.

मला वाटलं, ढगांमुळे उजेड कमी पडतोय. म्हणून वर आणखी एक ट्यूबलाइट लावून घेतली. काही नाही. मग वाटलं लोह कमी. एक नंबर वाढवलं. काही नाही. मग पालाश, मग मॅग्नेशियम, मग हे सगळंच जास्त झालं असेल म्हणून सगळंच निम्मं. नाडकर्णी म्हणाले, "मिश्रण बदल." मी बदललं. ते म्हणाले, "पुन्हा पहिलं कर." मी केलं. दर फेरीला परबबाई माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, आणि मी टाकीकडे बघायचे, कारण त्यांच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

आमच्या इमारतीत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात नोकरी करणारे एक गृहस्थ होते. ते तिथे नेमकं काय करतात हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. त्यामुळे विज्ञानाचा कुठलाही प्रश्न, अगदी गॅसची शेगडी भकभक का करते इथपर्यंत, त्यांच्याकडेच जायचा. मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते खिडकीपाशी धरून निरखलं.

"उत्तम पाणी आहे. कुठल्या नळाचं हो? आमच्याकडे तर हल्ली चहाच येतोय."

मी त्यांचे आभार मानले आणि निराश होऊन घरी आले. ते काय म्हणाले हे माझ्या कानांवर पडलं होतं, डोक्यात मात्र शिरलं नव्हतं. सगळ्या मुंबईच्या नळांना गढूळ पाणी येत असताना मुलुंडच्या एका टाकीत ते इतकं नितळ कसं, हा साधा प्रश्न रसायनशास्त्राच्या पदवीधराला पडायला हवा होता. मी मात्र घरी येऊन बोरॉनचा विचार करत बसले.

उलगडा झाला तो एका दुपारी, मी न कळवता गेले तेव्हा. प्रतीक्षागृहामागच्या मोरीत परबबाई पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून गोल गोल फिरवत होत्या.

"परबबाई, काय चाललंय?"

"काय म्हणजे? तुरटी फिरवतंय."

"तुरटी? कधीपासून?"

"पाऊस लागल्यापासून. नळाक काय येता बघितलात काय? नुसतो चिखल. साहेब येतात ते काचेला नाक लावून बघतात."

"आणि आमचं औषध? ते कधी घालता?"

"ते आधी. तुम्हीच लिहिलंय ना, बदलायच्या पाण्यात मिसळा म्हणून. आधी औषध, वरून तुरटी, मग तासभर ठेवायचं. काय नितळ होतं बघा तरी!"

मी तिथे पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवणं आपल्याकडे घरोघरी चालतं, आमच्या घरातही चालायचं. तुरटी पाण्यातला बारीक चिखल गोळा करते आणि तळाशी नेऊन बसवते. पण गोळा करताना हा चिखल आणि हे फॉस्फेट असा भेदभाव ती करत नाही. म्हणजे माझी दोन नंबरची बाटली जून महिन्यापासून नेमाने पिंपात पडत होती आणि तितक्याच नेमाने पिंपाच्या तळाशी जाऊन बसत होती. टाकीत जात होतं ते फक्त शुद्ध, सुंदर, उपाशी पाणी.

"आणि तळचा गाळ टाकून देता?"

"टाकीन कशाला? औषधाचा आहे तो. बाहेर जास्वंदीला घालते."

फाटकाजवळची जास्वंद डोक्याच्या वर गेली होती आणि फुलांनी लगडली होती. तुरटीने एकदा धरलेलं फॉस्फेट जास्वंदीलाही सहजासहजी मिळायला नको, असं माझं पुस्तक सांगत होतं. मी जास्वंदीकडे फार वेळ पाहिलं नाही. एका दुपारी एक गोंधळ पुरे.

"तुरटी बंद करा," मी सांगितलं.

परबबाईंना ते लागलं. "तुरटीनं कोणाचं वायट झालं? आमच्या आवशीन अख्खो जल्म फिरवल्यान."

"माणसांचं नाही झालं. झाडांचं झालंय."

त्यांनी बंद केली. आठवडाभरात टाकीतलं पाणी पातळ चहासारखं झालं. फिल्टरमधला कापूस सकाळी बदलावा तर दुपारी चॉकलेटी. पण त्या चहाच्या आत, काचेला डोळा लावून पाहिलं तर, तलवारीच्या झाडाच्या मधोमध एक पोपटी टोक वर आलेलं होतं. मला झालेला आनंद मी लपवू शकले नाही.

"परबबाई, बघा! नवं पान!"

"खय? माका तर पाणीच दिसता."

त्याच दिवशी प्रधानसाहेब आले. उद्घाटन आठवड्यावर आलं होतं. ते टाकीसमोर थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"परबबाई, सृष्टी कुठे आहे?"

"आत आहे साहेब."

"दिसत नाही."

"बाईंनी तुरटी बंद करूक सांगितली."

प्रधान माझ्याकडे वळले. मी फॉस्फेटबद्दल बोलायला लागले. त्यांनी हात वर केला. "पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. माननीयांसमोर हे असं असेल, तर मग परबबाईंच्या बाबतीत..." एवढंच म्हणून ते गेले. मोठी माणसं वाक्य अर्धं सोडतात, कारण खालच्या माणसांना ते पूर्ण ऐकू येतं, हे त्यांना माहीत असतं.

मी परबबाईंना समजावू लागले. आणखी थोडे दिवस धीर धरला तर झाडं उभी राहतील, मुळं धरतील, टाकी खऱ्या अर्थाने जिवंत होईल वगैरे. बोलता बोलता मी जवळजवळ आमच्या पत्रकापर्यंत पोचले होते. परबबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या झाडाक कायम करूचा नाय आसा. माका करूचा आसा."

मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि मूठभर तुरटी घेऊन आले.

मग आम्ही दोघींनी क्रम बदलला. आधी पिंपात तुरटी, मग गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी नळीने टाकीत घ्यायचं आणि औषध शेवटी, थेट टाकीत. इतकं सोपं होतं. पण क्रम बदलला तरी झाड काही कॅलेंडर बघून वाढत नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाणी लखलखत होतं, आणि त्यात झाडांची दैना आणखी स्पष्ट दिसत होती. शेवटी नाडकर्णी स्वतः माशांच्या दुकानातून रिबिनीच्या ताज्या जुड्या घेऊन आले. आम्ही बाह्या वर करून त्या वाळूत खोचल्या. काहींना मुळं नव्हती.

"ही तगायची नाहीत," मी म्हणाले.

"उद्घाटनात मुळं दिसत नाहीत," नाडकर्णी म्हणाले.

मंत्री आले ते अर्थातच उशिरा. फीत जिन्यापाशी बांधली होती, तिथेच ती कापली. प्रतीक्षागृहात भाषणं झाली. प्रधानसाहेबांनी सृष्टी, रुग्ण आणि समाज यांची सांगड घातली, ती बराच वेळ घातली. मंत्री टाकीकडे पाठ करून उभे होते. मग हार, मग टाळ्या, आणि सगळा जथा फराळाच्या खोलीकडे वळला. टाकीकडे कोणीही पाहिलं नव्हतं.

मी भिंतीशी उभी होते. परबबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून दारापाशी उभ्या होत्या. जथा त्यांच्याजवळून जायला लागला तशा त्या सरळ पुढे झाल्या.

"साहेब, टाकी बघितलात?"

"परबबाई, नंतर," प्रधान दबक्या आवाजात म्हणाले.

"नंतर तुम्ही बघू म्हणणार. आताच बघा ना. पाणी तरी बघा."

मंत्री थांबले, कारण वाट अडली होती. मागे वळून त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. "छान आहे हो. एवढं स्वच्छ तर आमच्या बंगल्यावरही येत नाही या दिवसांत."

"तुरटी फिरवते मी," परबबाई म्हणाल्या.

"ह्या आमच्या परबबाई," प्रधानांना बोलणं भाग होतं. "टाकीची सगळी निगा ह्याच राखतात."

"टेंपररी," परबबाई म्हणाल्या.

आतून बटाटेवड्यांचा वास येत होता.

"मग करा की कायम," मंत्री म्हणाले. वड्याबरोबर चटणी आहे का असं विचारावं, त्याच सुरात. "काय प्रधान?"

"हो, हो. झाल्यातच जमा आहे ते," प्रधान म्हणाले, आणि फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला. त्यात परबबाई पूर्ण आल्या आहेत, मंत्री अर्धे, आणि टाकी अजिबात नाही.

आठवड्याभरात परबबाईंना पत्र मिळालं. त्या वर्षी त्या गणपतीला गावी गेल्या, रजा मांडून, पगार न कापता. जाताना मला म्हणाल्या, "मोदक आणतंय." मोदक प्रवासात टिकत नाहीत हे आम्हा दोघींना माहीत होतं.

टाकीचं म्हणाल तर, जी झाडं वाचावीत म्हणून मी तीन महिने डोकं फोडलं, ती एकेक करून मेली. मुळं नसलेल्या ज्या जुड्या फक्त दाखवायला खोचल्या होत्या, त्या रुजल्या आणि दिवाळीपर्यंत पाण्याच्या वरपर्यंत पोचल्या. नाडकर्णी याचं श्रेय नव्या मिश्रणाला देत. कुठल्या, ते मी विचारलं नाही, कारण तोपर्यंत नवी इतकी झाली होती. पावसाळा संपून पाणी आपोआप स्वच्छ झालं आणि तुरटी थांबली, म्हणून वाढ झाली असावी, असं माझं मत. तसं असेल, तर जुनी झाडं का मेली, हे त्या मतात बसत नाही. मी ते बसवायचा प्रयत्न अजूनही अधूनमधून करते.

गणपती झाल्यावर मी बाटल्या घेऊन मुलुंडला गेले, तेव्हा मनाशी ठरवून गेले होते. एवढ्या गोंधळातून आम्ही दोघी काहीतरी शिकलो होतो. आधी काय, नंतर काय, किती आणि का, ते सगळं आता परबबाईंबरोबर बसून नीट लावायचं. माझ्या आयुष्यात प्रथमच एका टाकीजवळ तिला खरोखर ओळखणारं माणूस होतं, आणि ते आता तिथून हलणार नव्हतं.

परबबाई टाकीपाशी नव्हत्या. इस्पितळात कायमची जागा एकच रिकामी होती, ती कपडे धुण्याच्या विभागात, म्हणून त्यांना तिकडे पाठवलं होतं. टाकीसाठी नवी बाई ठेवली होती. टेंपररी.